दहा वॉटांचा प्रपंच

रत्नागिरीत कुठलीही वस्तू एकट्याने विकत घेता येत नाही. साधी छत्री घेतली तरी गोखले नाक्यापासून मारुती मंदिरापर्यंत निदान पाच जण ती उघडून बघतात, काड्या मोजतात, किंमत विचारतात आणि "फसवलंन तुला!" असा निकाल देऊन आपल्या वाटेने जातात. तेव्हा मी घरच्या स्पीकरांसाठी 'ट्यूब अँप्लिफायर' घेणार आहे, ही बातमी फुटल्यावर आमच्या ओटीवर काय झालं असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. शेजारच्या अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "चार फुटी का दोन फुटी?" ट्यूब म्हणजे छताला लावायची ती. ही ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तो व्हॉल्व्ह, हे समजावून देईपर्यंत दोन वेळा चहा झाला.

मूळ हकीकत अशी. आमचे मामा बोटीवर नोकरीला होते. जगभर फिरून माणसं घड्याळं आणतात, सेंट आणतात. मामांनी दोन स्पीकर आणले. लाकडी, उंचीला माझ्या कमरेपर्यंत, आत आठ इंची कागदी पडद्याचे कर्णे. शिवाय एक रेकॉर्डप्लेअर आणि पेटीभर तबकड्या, त्यांतल्या बहुतेक नाट्यपदांच्या. मामा गेले तेव्हा मुंबईच्या फ्लॅटमध्ये या ऐवजाला जागा नव्हती, म्हणून तो आमच्याकडे आला. बरोबरचा अँप्लिफायर मात्र आमच्या खाऱ्या वाऱ्याने चार पावसाळ्यांत खाऊन टाकला. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. "दादाच्या तबकड्या एकदा लाव रे," हे तिचं दर गणपतीतलं मागणं. 'पुढल्या वर्षी नक्की' हे उत्तर मला आता देववत नव्हतं.

सल्ले मात्र ताबडतोब मिळाले. अण्णा म्हणाले, "शंभर वॉटांच्या खाली घेऊ नकोस. पावसात कौलांचा आवाज किती होतो ठाऊक आहे ना?" पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "काका, थ्री हंड्रेड बी! आठ वॉट, पण काय वॉट!" या आठ वॉटांची किंमत त्याने सांगितली तेव्हा मी ती मनातल्या मनात हापूसच्या पेट्यांत मोजली आणि दोन हंगामांपाशी मोजणं थांबवलं. तिसरे आमचे रेडिओवाले काका. ऐंशीच्या घरातले, एके काळी रामआळीपासून मांडवीपर्यंतच्या सगळ्या रेडिओंची पोटं उघडलेले. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, अँप्लिफायरचं मागाहून बघू. स्पीकर कुठले, आणि ऐकणार कोण?"

मला निर्णय करता आला नाही की मी इतिहासात शिरतो. तिथे एक बरं असतं, सगळे निर्णय आधीच झालेले असतात.

मुळात आपल्याकडे आवाज वाढवण्याची पद्धत नव्हती. माणसांनी जवळ येण्याची होती. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात नटाच्या पुढ्यात माईक नव्हता. ऑर्गन, तबला आणि गळा. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पद पोचवायचं ते फुप्फुसांच्या जोरावर, आणि त्या माणसानेही सुपारी कातरणं थांबवून अर्धं काम आपल्याकडे घ्यायचं. ग्रामोफोन आला तोही चावीचा. सुईची थरथर कर्ण्यातून बाहेर यायची, विजेचा संबंध नाही. तबकडी ध्वनिमुद्रित व्हायची तीसुद्धा कर्ण्यात तोंड घालून गायल्यामुळे.

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा आमच्या गावात १८८६ पासून नजरकैदेत होता. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला. त्या वेळी ज्या नळीवरून माझ्या ओटीवर वाद पेटला, ती जेमतेम चार वर्षांची होती. १९०४ मध्ये फ्लेमिंग नावाच्या इंग्रजाने निर्वात काचेच्या नळीत एक तापती तार आणि तिच्यासमोर एक पत्रा बसवला. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पत्र्याकडे धावतात. उलट दिशेने येत नाहीत. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्टने या दोघांच्या मध्ये तिसरी वस्तू घातली, एक जाळी.

ही जाळी समजायला इंजिनिअर होण्याची गरज नाही. पोफळीच्या बागेत शिंपण करताना पाट सोडलेला आपण पाहिलेला असतो. पाणी भरपूर, वेगही भरपूर. पण वाटेत एक लहानशी फळी उभी असते आणि ती एखादं पोरही बोटाने खालीवर करू शकतं. पोराच्या बोटात जोर नसतो, जोर पाण्यात असतो; पण पाण्याने किती जायचं हे बोट ठरवतं. जाळी म्हणजे ती फळी. सुईकडून आलेली दुबळी वीज जाळी हलवते आणि त्याच तालावर पाटातली जबर वीज कमीजास्त होते. थोडक्यात, मूळ आवाज मोठा होत नाही. त्याच्या तंत्राने दुसरा एक धटिंगण नाचतो. गंमत म्हणजे हे असं का होतं, हे खुद्द डी फॉरेस्टला नीट कळलेलं नव्हतं. नळीत थोडा वायू राहायला हवा, अशी त्याची समजूत होती. इतरांनी वायू पुरता काढून टाकला तेव्हा नळी खरी कामाला लागली. १९१५ साली तिच्या जोरावर न्यूयॉर्कचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाशी टेलिफोनवर बोलला.

पुढे १९२५ साली दोन गोष्टी घडल्या. तबकड्या माईक आणि व्हॉल्व्हच्या साहाय्याने, म्हणजे विजेवर मुद्रित होऊ लागल्या. आणि राइस व केलॉग या दोघांनी कागदी पडद्याचा स्पीकर जगापुढे मांडला. मामांच्या पेटीतला स्पीकर हा त्याचाच नातू. मग आलं १९२७. २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते सुरू झालं, आणि बरोबर दहा दिवसांनी, २ ऑगस्टला, तिकडे हॅरल्ड ब्लॅक नावाचा तरुण इंजिनिअर फेरीबोटीतून हडसन नदी ओलांडून कामावर जात असताना त्याला एक कल्पना सुचली. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेत लिहून काढली. आमच्याकडेही पूर्वी माणसं तरीतून खाडी ओलांडत, पण त्यांना बहुतेक वेळा नारळाचे भाव सुचत.

ब्लॅकची कल्पना अशी: अँप्लिफायरमधून जे बाहेर पडतं त्यातला थोडा भाग उलटा करून त्याच्याच तोंडाशी परत आणायचा. त्यामुळे आवाज कमी वाढतो, पण चुकाही त्याच प्रमाणात कमी होतात. याला इंग्रजीत निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. ही युक्ती ब्लॅकच्या आधी कित्येक शतकं संसारात वापरात होती, एवढंच मी म्हणेन. आमच्या घरी मी बोललेल्या वाक्याचा शेवटचा भाग उलटा होऊन माझ्याकडे परत येतो. माझं बोलणं त्यामुळे कमी झालं आहे हे खरं, पण बिनचूक झालं आहे हेही सगळे मान्य करतात.

एकदा ही सोय झाल्यावर ऐकणाऱ्याला लांब बसायला हरकत उरली नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसला नानिक मोटवानींच्या 'शिकागो रेडिओ'ने ध्वनिक्षेपक पुरवले. स्वातंत्र्यचळवळीच्या जुन्या छायाचित्रांत पुढाऱ्यांच्या तोंडासमोर ही अक्षरं असलेली पाटी आपण पाहिलेली असते. मैदानाच्या टोकाच्या माणसालाही आता भाषण ऐकू येऊ लागलं. पुढे हेच कर्णे गणपतीच्या मांडवात आणि माडावर चढले. त्यानंतरची कथा ज्यांच्या घराशेजारी माड आहे त्यांना सांगायला नको.

घरात मात्र अजून जवळीक होती. मर्फी, फिलिप्स, बुश. पोस्टात परवान्याचे पैसे भरायचे, बटण फिरवायचं आणि वाट पाहायची. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागायचा. तेवढ्यात मंडळी पडवीतून आत येत, कुणी भिंतीला टेकत, कुणी उंबऱ्यावर बसत. मग तो हिरवा डोळा किलकिला व्हायचा आणि मुंबई किंवा सिलोन बोलू लागायचं. त्या पाच व्हॉल्व्हच्या पेटीतून बाहेर पडत होते तीनचार वॉट. तेवढ्यांत अख्खी वाडी ऐकायची, कारण अख्खी वाडी दोन हातांवर बसलेली असायची. १९५४ साली बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स स्थापन झाली आणि १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्हही होऊ लागले. त्याच सुमाराला, म्हणजे १९६२ साली, कोयनेची वीज आमच्याच जिल्ह्यातल्या पोफळीला डोंगराच्या पोटात तयार होऊ लागली.

विलायतेत तोवर हाय-फाय नावाचा छंद सुरू झाला होता. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात विल्यमसन यांनी एका अँप्लिफायरचा आराखडा छापला, पंधरा वॉटांचा, आणि घरोघरी लोक हातात कैया घेऊन डाग द्यायला बसले. १९५४ मध्ये मुलार्ड कंपनीने 'पाच-दहा' हा आराखडा काढला: व्हॉल्व्ह पाच, वॉट दहा. त्यांतले शेवटचे दोन ईएल-८४, जातीचे लहान पण कामाला वाघ. दहा वॉटांत सुखी घर, असा हा हिशेब होता.

तो मोडला कुणी? व्हॉल्व्हने नव्हे, स्पीकरने. त्याच १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. आकार पुस्तकाच्या फडताळात मावेल एवढा, आणि खर्ज मात्र कपाटाएवढ्या पेटीचा. फक्त खाणं जास्त. पेटी लहान झाली आणि भूक वाढली. तिला पोटभर वॉट घालायला ट्रान्झिस्टर तयारच होता. त्याचा जन्म १९४७ च्या डिसेंबरातला. त्याला तापायला वेळ लागत नाही, जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही, आणि वॉट स्वस्त. १९७७ साली रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा मिरकरवाड्याच्या होडीतसुद्धा ट्रान्झिस्टर लटकत होता, आणि ऐकायला कुणी कुणाजवळ बसण्याची गरज उरलेली नव्हती. मग पन्नास वॉट आले, शंभर आले. अण्णांच्या डोक्यात बसलेले शंभर वॉट ते हेच.

आता अण्णांच्या वॉटांचा हिशेब पाहू. आवाज तीन डेसिबलनी वाढवायचा तर वॉट दुप्पट लागतात. कानाला 'आता दुप्पट झाला' असं वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दसपट. याचा अर्थ शंभर वॉटांचा अँप्लिफायर दहा वॉटांच्या फक्त दुप्पट ओरडतो. पगार दसपट आणि काम दुप्पट, असे लोक आपण इतरत्रही पाहतो. उलट मामांच्या स्पीकरच्या पाठीवर लिहिलेलं होतं: आठ ओहम, ब्याण्णव डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ब्याण्णव डेसिबल; मिक्सरवर खोबरं वाटण्याच्या तोडीचा आवाज. हल्लीचा फडताळी स्पीकर तेवढ्या वॉटात शहाऐंशीच्या आसपास जातो. सहा डेसिबलांचा फरक, म्हणजे त्याला चौपट वॉट हवेत. घरात आपण रोज ऐकतो ते बहुधा एका वॉटाच्या आतलंच. उरलेले नऊ वॉट राखून ठेवायचे ते तबल्यावर मध्येच कडाडून पडणाऱ्या थापेसाठी. ती क्षणभराची असते, पण तिला दसपट लागतात.

भाच्याचा मुद्दा वेगळा होता, आणि तो ऐकून घेण्यासारखा होता. थ्री हंड्रेड बी हा १९३० च्या दशकातला अमेरिकन व्हॉल्व्ह, सिनेमा थिएटरांतल्या अँप्लिफायरांसाठी केलेला. आठ वॉटांत थिएटर भरायचं, कारण पडद्यामागचे कर्णे अतोनात कार्यक्षम असत. भाच्याच्या फ्लॅटमधले बोटभर स्पीकर त्याच आठ वॉटांवर तबल्याची थाप पिठात पडल्यासारखी वाजवतील. पण त्याची ती 'गोडी' खोटी नाही. तंबोरा नीट जुळला की षड्जाच्या तारेतून वरचा षड्ज, त्याच्या वरचा पंचम आणि मग तो स्वयंभू गंधार ऐकू येतो. कुणी तो छेडलेला नसतो. तारेत तो असतोच. व्हॉल्व्ह, त्यातही एकटा वाजणारा व्हॉल्व्ह, मूळ स्वरात थोडा वरचा षड्ज आपल्या पदरचा घालतो. हिशेबाने पाहिलं तर ही भेसळ. कानाने पाहिलं तर जवारी. ट्रान्झिस्टर भेसळ जवळजवळ करत नाही, मात्र त्याच्या ऐपतीबाहेर गेलात की लाटेचा माथा कुऱ्हाडीने तोडल्यासारखा छाटतो, आणि त्यातून निघणारे वरचे स्वर कुठल्याच रागात बसत नाहीत. व्हॉल्व्ह आधी नम्रपणे दमतो.

काकांना मी हा सगळा इतिहास ऐकवला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "म्हणजे ईएल-८४च. तेच मी सांगणार होतो, पण तुम्ही बोलत होतात."

मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले. ट्रान्सफॉर्मर मुद्दाम गुंडाळून घेतले, कारण व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये जात कळते ती ट्रान्सफॉर्मरवर. दोन्ही बाजूंचे मिळून चार ईएल-८४, त्यांतला एक जोड काकांच्या खणातला, बंगळूरचा, खोक्यासकट. नवे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटल्यावर रशियाची निर्यात काही काळ अडली आणि जगभर व्हॉल्व्हचे भाव चढले. कुठे युक्रेन आणि कुठे आमची ओटी! तरी काकांनी खणाला तेव्हापासून कुलूप घातलं.

काकांचे नियम कडक. स्पीकर जोडल्याशिवाय अँप्लिफायर चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आठ ओहमचा स्पीकर आठच्याच खुंटीला. आत तीनशे व्होल्ट खेळतात, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते दबा धरून बसतात. म्हणून अर्थिंग पक्कं हवं, आणि पोट उघडलं तर एक हात लेंग्याच्या खिशात. दोन्ही हात आत घातले की वीज छातीतून वाट काढते. "माझ्याबरोबर शिकलेले सगळेच म्हातारे झाले नाहीत, मास्तर," काका म्हणाले आणि पुन्हा डाग द्यायला लागले.

रत्नागिरीचे नियम वेगळे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, झावळ पडली की वीज जाते, आणि खाऱ्या हवेने पितळेलाही हिरवी दाढी येते. व्हॉल्व्हचे पाय अधूनमधून पुसावे लागतात. वीस वॉट गाणं द्यायला हा गृहस्थ शंभरएक वॉट वीज खातो आणि उरलेली उष्णता म्हणून परत करतो. मे महिन्यात हा दोष. जुलैत मात्र घरातली सगळ्यांत कोरडी जागा तीच, म्हणून सौभाग्यवतीने त्याच्या माथ्यावर आंबोशीचं ताट ठेवायचं ठरवलं. मांजराचाही दावा होता. दोघींनाही मज्जाव केला, कारण त्याला वरून मोकळी हवा लागते.

आणि मग आईला आणून बसवलं. तबकडी लावली. आईने कान दिला, पुन्हा दिला आणि म्हणाली, "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत." अण्णा विजयाने उठले. "शंभर वॉट!" मी आवाज वाढवला. आईने दचकून कानांवर हात ठेवले.

म्हातारपणी कान आधी वरच्या पट्टीतलं हरवतो. स, श, त, क ही व्यंजनं तिथेच राहतात. आवाज वाढवला की स्वर नुसते घुमतात, व्यंजनं काही परत येत नाहीत. आणि मोठा आवाज तरुणापेक्षा लवकर टोचू लागतो. त्यात आमची ओटी मोठी, भिंती गिलाव्याच्या, खाली फरशी. लांब बसलेल्याला स्पीकरपेक्षा भिंतीच जास्त ऐकू येतात. यावर वॉट हे उत्तरच नव्हे.

काका उठले. आईची खुर्ची त्यांनी आणि मी उचलून स्पीकरांच्या पुढ्यात, चार हातांवरून दोन हातांवर आणली. अंतर निम्मं झालं की उघड्यावर आवाज सहा डेसिबलनी वाढतो. खोलीत थोडा कमी. म्हणजे जवळजवळ चौपट वॉट, फुकट, विजेचं बिल न वाढता. शिवाय भिंतींचं बोलणं मागे पडलं. पडवीतल्या रेडिओसमोर पंधरा माणसं ज्या अंतरावर बसत, ते हेच अंतर.

आईने डोळे मिटले. पद दुसऱ्या कडव्यात गेलं तेव्हा तिचे ओठ हलू लागले, शब्दाला शब्द लावून. दादाबरोबर ऐकलेलं असणार. अण्णासुद्धा खाली सतरंजीवर सरकून बसले, त्यांच्या शेजारी काका, उंबऱ्यावर सौभाग्यवती. तबकडी संपली, सुई नुसतीच खरखरत राहिली.

"दुसरी बाजू लाव," आई म्हणाली, "आणि जरा बारीक कर."